खोलवरच्या थांब्यांविषयी
खोल डायव्हनंतर शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागते; यालाच डीकंप्रेशन म्हणतात. पहिला थांबा जितका खोल, तितके शरीरातले वायूचे बुडबुडे कमी, म्हणून ग्रेडियंट फॅक्टर (डाइव्ह कॉम्प्युटरमधील थांबे ठरवणारी सेटिंग; पहिला आकडा जितका लहान, तितका पहिला थांबा खोल) २०/८० ठेवावा, असा एक सल्ला दिला जातो. तर्क म्हणून हे पटण्याजोगे आहे आणि एके काळी बहुतेक तांत्रिक डायव्हर (असे थांबे लागणारे खोल डायव्ह करणारे) तसेच मानत. प्रत्यक्ष चाचणीत मात्र ते टिकले नाही. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डायव्हरांना १७० फुटांवर (सुमारे ५२ मीटर) ३० मिनिटे ठेवून दोन वेगवेगळ्या आराखड्यांनी वर आणले होते. डीकंप्रेशनचा एकूण वेळ दोन्हींत १७४ मिनिटेच होता. फक्त एकात पहिला थांबा ४० फुटांवर होता, तर दुसऱ्यात ७० फुटांवर. उथळ थांब्यांच्या १९२ डायव्हमध्ये डीकंप्रेशन आजाराचे (विरघळलेल्या वायूचे शरीरात बुडबुडे झाल्याने होणाऱ्या आजाराचे) ३ रुग्ण आढळले, खोल थांब्यांच्या १९८ डायव्हमध्ये ११. खोलवर रेंगाळताना भरपूर रक्तपुरवठ्याच्या ऊतींमधून नायट्रोजन बाहेर पडत असला, तरी मंद ऊती (वायू सावकाश घेणाऱ्या आणि सावकाश सोडणाऱ्या) तो शोषून घेतच राहतात आणि त्यांची थकबाकी नेमकी शेवटच्या टप्प्यात अंगावर येते.

हा प्रयोग हवेवरचा आणि लांबलचक डीकंप्रेशनचा होता, त्यामुळे ट्रायमिक्सच्या (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम यांचे श्वसनाचे मिश्रण) डायव्हला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. २०/८० ठेवल्यावर कॉम्प्युटर एकूण वेळही थोडा वाढवतो, म्हणून तो आराखडा अधिक सावध भासतो, हेही खरे. तरीही पहिला आकडा ५० च्या आसपास ठेवून तीच मिनिटे ६ आणि ३ मीटरवर, योग्य प्रशिक्षण झाले असल्यास ऑक्सिजनवर, घालवणे मला अधिक सयुक्तिक वाटते.