१६ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे अर्धा मोल की एक मोल?

नववीची पालक (प्रश्न)

माझी मुलगी मराठी माध्यमात नववीत शिकते. मोल संकल्पनेचा सराव करताना तिने १६ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये ६.०२२ × १०²³ अणू असतात, असे उत्तर काढले. मात्र ती उजळणीसाठी ज्या हिंदी चित्रफिती पाहते, त्यांपैकी एकीत तेवढ्याच ऑक्सिजनमधील ‘अणुओं की संख्या’ बरोबर निम्मी, म्हणजे ३.०११ × १०²³ सांगितली आहे. दोन्ही ठिकाणची आकडेमोड मी स्वतः तपासली आणि मला कोठेही चूक सापडली नाही. मग यांतले खरे उत्तर कोणते? शिवाय मोल हे वजन आहे की संख्या, हेही मला तिला नीट समजावून सांगता येत नाही.

प्रयोगवही

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रश्नच दोन निराळे आहेत. मूलद्रव्याच्या ज्या सर्वांत लहान कणाला आपण मराठीत ‘अणू’ म्हणतो, त्याला हिंदीत ‘परमाणु’ म्हणतात. आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला ‘रेणू’. चित्रफितीत रेणू मोजले आहेत, तर आपल्या मुलीने अणू मोजले. ऑक्सिजनचा एक रेणू दोन अणूंचा बनलेला असल्यामुळे रेणूंची संख्या निम्मी येणारच. मराठी माध्यमातली मुले हिंदीतून उजळणी करू लागली की हा घोटाळा हमखास होतो, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यात मुलांचा काहीही दोष नसतो. तारापूरला आपण अणुऊर्जा केंद्र म्हणतो आणि हिंदीत त्यालाच ‘परमाणु बिजलीघर’ म्हणतात, एवढे लक्षात ठेवले तरी शब्दांची अदलाबदल होत नाही.

आता १६ ग्रॅम म्हणजे किती मोल? (एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण.) ऑक्सिजनच्या अणूंचा एक मोल, आणि ऑक्सिजनच्या रेणूंचा अर्धा मोल. ‘ऑक्सिजनचा एक मोल’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कशाचा मोल, हे सांगितल्याशिवाय त्याला नेमका अर्थ येत नाही.

नट-बोल्ट

वजन की संख्या, या प्रश्नाला माझ्या दुकानातल्या अनुभवावरून उत्तर देतो. समजा एक नट ४ ग्रॅमचा आहे आणि एक बोल्ट १२ ग्रॅमचा. गिऱ्हाईकाला प्रत्येक बोल्टला एक नट हवा असतो, पण आम्ही माल किलोवर विकतो. १ किलो नट आणि ३ किलो बोल्ट तोलून दिले, की एकही नग न मोजता दोन्हींची संख्या सारखी, म्हणजे २५०, भरते. कार्बनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे १२ पट जड आहे, म्हणून १ ग्रॅम हायड्रोजन आणि १२ ग्रॅम कार्बन यांत अणूंची संख्या जवळजवळ सारखीच असते. मोल ही अशी ठरवलेली संख्या आहे. तराजूवर आपण तोलतो ते त्या संख्येइतक्या कणांचे वस्तुमान, आणि ते पदार्थागणिक बदलते.

पूर्वी ही संख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ (कार्बनचा एक प्रकार) मधील अणूंवरून ठरवलेली होती. २० मे २०१९ पासून मात्र एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण, अशी थेट व्याख्या आहे. शाळेतल्या गणितांवर या बदलाचा काहीही परिणाम होत नाही.

प्रयोगवही

एक गोष्ट मुलीला आवर्जून सांगा, म्हणजे मुलीला धीर येईल. अणू आणि रेणू यांतला हाच घोटाळा खुद्द रसायनशास्त्रज्ञांना जवळपास ५० वर्षे सुटला नव्हता. पाण्याच्या सर्वांत लहान कणात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एकच अणू असतो, असे अणुसिद्धांत मांडणारा डाल्टन मानत असे, आणि त्यामुळे त्याने काढलेले ऑक्सिजनचे अणुवस्तुमान निम्म्याहूनही कमी भरले. मूलद्रव्याच्या वायूचा रेणूही एकाहून अधिक अणूंचा असू शकतो, हा विचार इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये मांडला. परंतु १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथील रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारो या रसायनशास्त्रज्ञाने तो पटवून देईपर्यंत त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

नववीची पालक

मनापासून आभार. तिच्या वहीतले पुढचे गणित असे आहे : ९ ग्रॅम पाण्यात हायड्रोजनचे अणू किती? पाण्याचे रेणुवस्तुमान १८, म्हणून रेणूंचा अर्धा मोल. प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, म्हणून अणूंचा एक मोल, अर्थात ६.०२२ × १०²³. हे बरोबर आहे ना? आणि मिठाच्या बाबतीतही ‘रेणू’ असेच लिहायचे का?

प्रयोगवही

पाण्याचे उत्तर पूर्ण बरोबर आहे. मिठाच्या स्फटिकात मात्र सुटा रेणू नसतो. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभारित कण) सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडिअम आयन, अशी ती सलग रचना असते. म्हणून तेथे एक सोडिअम आणि एक क्लोराइड आयन मिळून होणाऱ्या जोडीसाठी ‘सूत्र एकक’ हा शब्द वापरावा. सोडिअमचे २३ आणि क्लोरीनचे ३५.५ मिळवून ५८.५ होतात, तेव्हा ५८.५ ग्रॅम मिठात सूत्र एककांचा एक मोल असतो आणि आयनांचे मिळून दोन मोल असतात.