पावसाळ्यातला लाँग रन : यवतेश्वर घाट सोडायचा की धरायचा?

घाटवाट

सप्टेंबरमधली सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली, की दर जुलैत तोच सल्ला कानावर येतो. "पाऊस उघडेपर्यंत ट्रेडमिल करा, घाटाचं नंतर बघू." मला हा सल्ला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

शर्यत २१.१ किलोमीटरची आहे, साताऱ्यातून यवतेश्वर घाटाने वर आणि परत. जाताना चढ, येताना उतार. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून १२ आठवडे मागे मोजा, जूनच्या मध्यावर येता. म्हणजे सगळी तयारी पावसातच होणार. उघडीप मिळेल या आशेवर बसलात तर हातात दोन-तीन रविवार उरतात, आणि त्या तेवढ्यात १२ किलोमीटरवरून थेट १८ वर उडी मारली की पोटरी नाहीतर गुडघा धरतो. शिवाय बहुतेक ट्रेडमिलला उतार नसतो. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलतात, ब्रेक लावल्यासारखे. दम कितीही असला तरी ही सवय नसेल, तर परतीच्या वाटेवर घाटाखालचं समर्थ मंदिर दिसायच्या आत मांड्या थरथरायला लागतात.

म्हणून माझं म्हणणं : रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं, घाटातच करा. १२ किलोमीटरपासून सुरू करून आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवा, दर चौथ्या आठवड्याला अंतर पाव हिश्शाने कमी करा, आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी १८ ते २० ला पोचा. वेग घड्याळावर बघू नका. चढावर एक पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, तोच तुमचा वेग. मधल्या दिवसांत एकदा अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर चढाचे तुकडे घ्या : दीड ते दोन मिनिटं जोरात वर, चालत खाली, असे सहा ते आठ.

पावसात पळणं हे धाडस नव्हे. साताऱ्यात जुलैत २२-२३ अंशांत, झिमझिमीत जितकं पळता येतं तितकं एप्रिलच्या उन्हात जमणार नाही.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. दमाचं आणि हवेचं सगळं मान्य. पण तुम्ही रस्त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत, आणि माझा विरोध तिथेच आहे.

पावसाळी घाटात माणूस दमाने पडत नाही, पायाखालच्या गोष्टीने पडतो. वळणावर रंगवलेले पांढरे पट्टे ओले झाले की काचेसारखे होतात. झाडाखालच्या सावलीतल्या काँक्रीटवर हिरवट शेवाळ धरतं. ते उजेडात दिसतं, पहाटे पाचला टॉर्चमध्ये नुसतं ओलं चमकतं. डोंगराकडून मुरूम वाहून आलेला असतो, त्यावर बूट अक्षरशः गोट्यांवर टेकल्यासारखा सरकतो. त्यात धुकं. समोरची गाडी २० मीटरवर येईपर्यंत दिसत नाही, आणि गाडीवाल्याला तुम्ही त्याहून उशिरा दिसता. रविवारी आठनंतर पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात ते वेगळंच.

दरडीचं तर बोलायलाच नको. रात्रभर झड लागलेली असेल तर सकाळी पाऊस थांबलेला असला तरी उतारातली माती पाणी पिऊन जड झालेली असते. पळताना आकाशाकडे बघून "आता उघडलंय" म्हणणं हा चुकीचा हिशोब आहे. आदल्या २४ तासांत किती पडला ते बघायला हवं. हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार. आणि इशारा बघताना साताऱ्याच्या घाटभागासाठी वेगळा दिला असेल तर तोच धरा. शहरात पिवळा आणि घाटात नारिंगी असं पुष्कळदा असतं.

आणि सातारा जिल्ह्याची गंमत अशी आहे की पाऊस चुकवायला लांब जावं लागत नाही. कोरेगावकडे सरकलात की पाऊस निम्म्यावर येतो, माण-खटावात तर त्याहून कमी. आम्ही सांगलीकर मिरजेपलीकडे दंडोबाच्या डोंगराला जातो. चढही आहे आणि पाऊसही बेताचा. घाटच पाहिजे हा हट्ट कशाला?

घाटवाट

रस्त्याबद्दल लिहायला हवं होतं, बरोबर. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी घाट नाही, यावर माझंही दुमत नाही. रस्त्यावर ताजे बारीक दगड दिसले, किंवा डोंगरातून येणारं स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, तर तिथूनच मागे फिरायचं. अर्धा रन राहिला तरी चालेल.

पण कोरेगाव रस्ता हा पर्याय मला पटत नाही. तिथे पाऊस कमी आहे, मान्य, पण तो मोठ्या वाहनांचा रस्ता आहे आणि कडेची पट्टी पावसात चिखलाची होते. ट्रक शेजारून गेला की डोळ्यांत राडा. शिवाय सपाटीवर २० किलोमीटर केले तरी उताराचा प्रश्न तसाच राहतो. माझा मुद्दा तोच होता, त्याला उत्तर आलेलं नाही.

पोटरी_मांडी

उताराचं उत्तर मी देतो, कारण इथे दोघेही अर्धंच धरून बसला आहात.

उतारावर पळल्याने स्नायूंना जी बारीक इजा होते, तिची एक खासियत आहे. एकदा ती नीट झाली की पुढचे काही आठवडे तेच काम केल्यावर स्नायू तेवढे दुखत नाहीत आणि ताकदही तेवढी उतरत नाही. व्यायामशास्त्रात हा परिणाम चांगला माहीत असलेला आहे. याचा अर्थ असा, की उतार दर रविवारी लागत नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, कोरड्या किंवा नुसत्या भिजलेल्या रस्त्यावर, २० ते ३० मिनिटं उतार मिळाला तर पुरतो. शर्यतीच्या आधी शेवटचा जोरदार उतार दोन-तीन आठवडे ठेवा. त्याच्यापेक्षा जवळ आणलात तर दुखरे पाय घेऊन उभं राहाल.

मधल्या आठवड्यांत घरी पायरीवरून हळू उतरण्याचा व्यायाम करा. २० सेंटिमीटर उंचीची पायरी, एका पायावर उभं राहायचं, दुसरी टाच तीन सेकंद मोजत खाली टेकवायची. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, आत कलंडला तर पायरी कमी उंचीची घ्या. प्रत्येक पायावर ८ ते १२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा.

आणि चढासाठी ट्रेडमिलला नावं ठेवू नका. ६ टक्के चढ लावून ५ किलोमीटर केलेत तर ३०० मीटर चढलात. हृदय आणि पोटऱ्या यांना तो घाट आहे की पट्टा हे कळत नाही. फक्त समोरच्या दांडीला धरायचं नाही, धरलं की चढ खोटा होतो.

दोन_जोड

बुटांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण पावसाळ्यात जास्त पैसे तिथेच चुकीचे जातात.

'वॉटरप्रूफ' बूट घेऊ नका. घाटात पाणी वरून, घोट्याच्या बाजूने आत येतं. साध्या जाळीच्या बुटात ते आलं तसं निघून जातं, वॉटरप्रूफ बुटात साठून राहतं. मग पाय बादलीत घातल्यासारखे जड. खालचा तळ बघा : नुसता उघडा फोम असेल तर ओल्या रस्त्यावर घसरणारच. टाचेला आणि पुढच्या भागाला खरं रबर पाहिजे. तळात कार्बनची पट्टी असलेले महागडे बूट वळणांच्या ओल्या उतारावर डगमगतात, ते शर्यतीलाही विचार करूनच घाला.

पावसाळ्यात बूट एका रात्रीत वाळत नाही, म्हणून दोन जोड आळीपाळीने. आल्याबरोबर आतला तळवा बाहेर काढा, नाडी सैल करून जिभली पुढे ओढा, वर्तमानपत्राचे बोळे चवड्यापर्यंत ठासा. तासाभराने बोळे बदला, कारण पहिले तोवर भिजून गच्च झालेले असतात. दुसरे बोळे घालून पंख्याखाली आडवे ठेवा. चुलीजवळ, हीटरजवळ, गिझरवर नको. तळाचा डिंक सुटतो आणि फोम कडक होतो. कपडे वाळवायच्या मशीनमध्ये तर मुळीच नाही.

मोजे सुती नकोत. ओल्या सुती मोज्यात कातडी पांढरी पडून मऊ होते आणि १० किलोमीटरच्या आत टाचेला फोड. पातळ सिंथेटिक घ्या. पळून आल्यावर बोटांच्या बेचक्यांतलं पाणी कापडाने एकेक करून टिपा, नाहीतर चिखल्या होतात आणि आठवडा जातो. काचण्यावर पेट्रोलियम जेली : काखेत, जांघेत, पुरुषांनी स्तनाग्रांवर, बायकांनी ब्राच्या खालच्या पट्ट्याखाली. लावायची ती सुक्या अंगाला, पावसात उभं राहून नाही.

कृष्णाकाठ

चिखल्यांचं निघालं म्हणून सांगलीकडची एक गोष्ट सांगणं गरजेचं आहे. पावसात पळणं आणि साचलेल्या पाण्यातून पळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी ४० च्या दिशेने चाललं की नदीकाठचे रस्ते पळण्याच्या यादीतून काढून टाका. पाणी ओसरल्यावरही लगेच नको, कारण रस्त्यावर गाळ असतो आणि गाळात उंदीर-जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायाला फोड किंवा खरचटलेलं असेल तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथून शिरतात. लक्षणं साधारण एक-दोन आठवड्यांत : ताप, डोळे लाल, डोकेदुखी, आणि पोटऱ्या प्रचंड दुखणं. धावणाऱ्याला इथेच चकवा बसतो. "रविवारचा रन जास्त झाला" म्हणून तो पोटरीला बाम चोळत बसतो. पळण्याने ताप येत नाही. ताप आणि पोटरीदुखी एकत्र आली तर डॉक्टरकडे जा आणि पुराच्या पाण्यातून गेल्याचं आपणहून सांगा.

गुडघ्याएवढं पाणी साचलंय, त्यात उघडं गटार कुठे आहे दिसत नाही, तरी लोक तिथून पळतात. तिथून मागे फिरायचं, बस.

घाटवाट

पोटरी_मांडी, उताराबद्दल तुमचं पटलं. दर रविवारी उतार हवा हे मी मागे घेतो. चढाच्या बाबतीत मात्र मी घाटाच्याच बाजूने आहे. ट्रेडमिलवर वारा नसतो, भिजलेले कपडे नसतात, आणि शर्यतीच्या दिवशी पाऊस असणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. ओल्या मोज्यात दोन तास काढायचा सराव पट्ट्यावर होत नाही. कुठे काचतं, कुठली टोपी डोळ्यांवर पाणी सोडते, पळताना खायच्या जेलचं पाकीट ओल्या बोटांनी फाटतं की नाही, हे सगळं आधी कळायला हवं. माझा अनुभवाचा नव्हे, नियमाचा आग्रह आहे : महिन्यातून निदान दोन लाँग रन पावसात झालेच पाहिजेत.

पोटरी_मांडी

दोन लाँग रन, मान्य. मग पाणी आणि गारवा यांचंही पाळा.

पावसात घाम दिसत नाही म्हणून लोक पीत नाहीत. हवा दमट असते, घाम उडत नाही, पण निघतो. किती निघतो ते मोजा : पळायच्या आधी आणि नंतर कपडे काढून, अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर. (ओल्या कपड्यांवर केलेलं वजन निरुपयोगी.) त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवा आणि पळालेल्या तासांनी भागा, म्हणजे तासाचा आकडा निघेल. दीड तासाच्या पुढे मीठही हवं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरमध्ये, जशी पुडीवर लिहिली आहे तशीच. अर्ध्या लिटरमध्ये दाट करून प्याल तर पोट बिघडेल.

गारवा पळताना लागत नाही, थांबल्यावर लागतो. वर पोचून चहाला दहा मिनिटं उभं राहिलात की वाऱ्यात ओला शर्ट अंगातली ऊब काढून घेतो. दात वाजायला लागले, बोटांनी झिप लावता येईना, तर पळणं संपलं. कोरडे कपडे, गरम गोड चहा, आडोसा.

मनगटावरच्या घड्याळाच्या ठोक्यांवर त्या दिवशी विश्वास ठेवू नका. गार हाताच्या कातडीत रक्त कमी येतं, मग ते पावलांचीच गती ठोके म्हणून दाखवतं. ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावा. आणि स्क्रीन कुलूपबंद करा, पावसाचे थेंब रन मध्येच थांबवतात.

दोन_जोड

विजेचं राहिलं. जुलै-ऑगस्टच्या झडीत विजा कमी असतात, पण वळवाच्या आणि सप्टेंबरनंतरच्या परतीच्या पावसात दुपारनंतर भरपूर. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, तितके किलोमीटर लांब. ३० सेकंदांच्या आत आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. एकट्या झाडाखाली नाही. कास पठाराच्या उघड्या सड्यावर तर पळणाराच सर्वांत उंच असतो.

कृष्णाकाठ

घाटवाट, दोन लाँग रनना माझा विरोध नाही. पण एक बदल सुचवतो : पाऊस लागलेल्या रविवारी पायी फक्त चढा, उतरताना गाडीने या. चढावर वेग कमी, पाऊल छोटं, घसरलात तरी हातावर पडता. पडण्याचे प्रकार जवळपास सगळे उतारावरचे. सोबतचा एक जण गाडी घेऊन वर थांबेल, आळीपाळीने.

निघायचं सहाला, पाचला नाही, म्हणजे धुक्यातही निदान उजेड असेल. उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून. आंधळ्या वळणावर मात्र वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरका, म्हणजे गाडीवाल्याला तुम्ही लांबून दिसाल. रस्ता ओलांडायच्या आधी थांबून आवाज ऐका. चमकणारं जाकीट, मागे लाल लुकलुकता दिवा, डोक्यावर पुढे छज्जा असलेली टोपी. कानात काही नाही.

घाटवाट

गाडीने उतरायची कल्पना चांगली आहे, यंदा तशीच आखतो. गाडीत काय ठेवायचं तेवढं लिहितो, कारण ओल्या अंगाने अर्धा तास गाडीत बसलं की तोच गारवा. टॉवेल दोन, एक अंगाला, एक सीटवर अंथरायला. कोरडा शर्ट, चड्डी, मोजे प्रत्येकाचे वेगळ्या पिशवीत गाठ मारून. सपाता. थर्मासमध्ये चहा. आणि जुनी वर्तमानपत्रं, म्हणजे बुटात बोळे तिथेच कोंबता येतील, घरी पोचेपर्यंत थांबायला नको.

पण तीन आठवड्यांतून जो एक रविवार उताराचा, तो पायीच. त्या दिवशी नाडी बदलून बांधा : शेवटच्या भोकात नाडीचं टोक त्याच बाजूने परत घालून छोटं कडं करा, समोरच्या बाजूची नाडी त्या कड्यातून ओवा, मग दोन्ही टोकं खाली ओढून गाठ मारा. टाच बुटात घट्ट बसते, पाऊल पुढे सरकत नाही, अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटत नाही. नखं दोन-तीन दिवस आधीच सरळ कापून ठेवा. आदल्या रात्री कापली तर कोपरे टोचतात.

कृष्णाकाठ

तो रविवार पावसाचा निघाला तर पुढच्या रविवारी. तेवढं मात्र लिहून द्या.

घाटवाट

दिलं.