जानेवारीतली ३०० बीआरएम, कोरडी थंडी: हलकं विंडचीटर कसं निवडायचं?

चाकं_दोन

जानेवारीत ३०० किमीची बीआरएम करतोय (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड). पुण्याहून नाशिक रस्त्याने संगमनेरच्या पुढपर्यंत जाऊन परत. पहाटे ४ ला सुटायचं, मुदत २० तास, म्हणजे सुरुवातही अंधारात आणि शेवटही. पाऊस नाही. पहाटे ८ ते १० अंश आणि दुपारी ३० च्या आसपास धरून चाललोय.

सध्या पावसाळी जॅकेट आहे. वारा अडतो, पण अर्ध्या तासात आतून घामाने ओलं होतं आणि चहाला थांबलं की हुडहुडी. सीटखालची पिशवी ट्यूब आणि हत्यारांनी भरलेली, त्यामुळे नवीन जे घेईन ते जर्सीच्या मागच्या खिशात मावलं पाहिजे.

मेम्ब्रेनवालं (पाणी अडवणारा पातळ पडदा लावलेलं) घ्यावं की साधं? बाह्यांचं की बंडी? माप: छाती ३८ इंच, उंची ५ फूट ९, वजन ६८. दुकानदार म्हणतो, आत कपडे घालायचे असतात, एक माप मोठं घ्या.

घाटमाथा

मापाच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नका, बाकीचं सांगतो.

वारा पडलेला असला तरी ताशी २५ ने चालवताना अंगावर २५ चा वारा असतोच. ८ अंशांत तो उघड्या त्वचेला ४ अंशांसारखा लागतो. उतारावर ४० चा वेग धरला तर ३ च्या थोडं वर. म्हणजे वेग आणखी वाढल्याने फारसं बिघडत नाही, मोठा फटका पहिल्या २५ चाच बसतो. म्हणून कागदासारखं पातळ कापडही पुरतं. त्याने ऊब द्यायची नसते, जर्सीत धरलेली गरम हवा वाऱ्याने धुऊन जाऊ द्यायची नसते, एवढंच.

मेम्ब्रेन नको. १०,००० मिमीचं वॉटरप्रूफ वगैरे आकडे पावसासाठी आहेत. कोरड्या थंडीत तुमचा शत्रू आतला घाम. चढावर घाम येतो, तो बाहेर गेला नाही तर बनियन भिजते आणि उतारावर तीच अंग गार पाडते.

शोधायचं ते १० ते २० डिनिअरचं (हे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन रिपस्टॉप, म्हणजे चीर पसरू नये म्हणून चौकटीत जाड धागे विणलेलं कापड. कापड चौरस मीटरला ३०-३५ ग्रॅमचं असतं, एका जॅकेटला दीड-पावणेदोन चौरस मीटर लागतं, म्हणजे कापडाचेच ५०-६० ग्रॅम. झिप आणि इलॅस्टिक धरून पूर्ण जॅकेट ९० ते १२० ग्रॅममध्ये बसायला हवं. १५० च्या वर गेलं तर कुठेतरी अस्तर, जाळी किंवा जादा खिसे आहेत, ते का आहेत ते विचारा.

कापडातून हवा किती जाते हे सीएफएममध्ये मोजतात: एका चौरस फुटातून मिनिटाला किती घनफूट. ५ च्या खाली म्हणजे जवळजवळ बंद. १० ते ३० म्हणजे वारा अडतो पण वाफ निघते, तुम्हाला हेच हवं. ५० च्या पुढे गेलं की उतारावर छातीला वारा जाणवतो. ही चाचणी साधारण ताशी ५० किमीच्या वाऱ्याइतक्या दाबावर होते. २५ ने चालवताना दाब त्याच्या चौथाईवर येतो, म्हणून आकडा बघून घाबरू नका.

आपल्याकडे लेबलवर हा आकडा क्वचितच असतो. तेव्हा दुकानात कापड ओठांना घट्ट लावून फुंका आणि पलीकडे ओला तळहात धरा. जोर लावूनही काहीच जाणवलं नाही तर ते पावसाळी वळणाचं. अलगद फुंकताच हवा लागली तर साधी जर्सी. जोर लावल्यावर किंचित गारवा लागला की ते घ्या. छातीवर आणि पाठीवर, दोन्हीकडे फुंका, बरेचदा पाठीला वेगळं कापड असतं. पाठ जास्त हवेशीर असेल तर उत्तमच.

आता माप. आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. काउंटरवर हात टेकून हँडल धरल्यासारखे वाका आणि एवढं तपासा:
– बाही मनगटाचं हाड झाकून ग्लोव्हच्या आत जाते का.
– मागून कंबर झाकते का. पाठ पुढच्यापेक्षा ८-१० सेंमी लांब असावी.
– दंडावर चिमटीत किती कापड येतं. २-३ सेंमी ठीक, त्याहून जास्त असेल तर फडफडणार.
– कॉलर बंद करून आत दोन बोटं जातात का.

फडफड म्हणजे नुसता आवाज नव्हे. सैल कापड भात्यासारखं आत-बाहेर होतं आणि तापलेली हवा कॉलर-कफमधून बाहेर फेकतं. तुमच्या मापाला एम बघा, एल नको.

झिपसुद्धा नीट बघा. मागे दीड-दोन सेंमीची पट्टी हवी, नाहीतर दात्यांमधून वाऱ्याची एक रेघ थेट छातीवर येते. हनुवटीजवळ झिपचं टोक झाकणारी घडी हवी. आणि एका हाताने, ग्लोव्हसकट, चालत्या सायकलवर ती उघडता आली पाहिजे. खेचायला दोरी नसेल तर ४ सेंमीचा दोऱ्याचा फास बांधून टाका.

बंडी_भली

कापडाबद्दल वाद नाही. पण या रस्त्याला बाह्यांचं जॅकेट कशाला? बंडी आणि आर्म वॉर्मर (हातावर चढवायच्या सुट्या बाह्या) घ्या.

बीआरएमला अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालावंच लागतं आणि ते सगळ्यात वर. आत बाह्यांचं विंडचीटर असेल तर गरम झाल्यावर थांबा, आधी रिफ्लेक्टिव्ह काढा, मग विंडचीटर, मग पुन्हा रिफ्लेक्टिव्ह चढवा. आर्म वॉर्मर मात्र चालवता चालवता मनगटापर्यंत खाली सरकवता येतात, वरचं काही काढावं लागत नाही. बंडी ६०-८० ग्रॅमची, झिप खाली केली की सकाळी दहापर्यंत आरामात चालते.

दुसरं म्हणजे घाम आधी बाह्यांच्या आत साचतो. हात पुढे असतात, त्यांच्यावर वारा सरळ येतो, कापड गार पडतं आणि वाफ तिथेच पाणी होऊन चिकटते. अर्ध्या बाह्यांच्या जर्सीवर नुसतं नायलॉन घातलं तर हे हमखास.

घाटमाथा

रिफ्लेक्टिव्हचा मुद्दा मान्य. पण ८ अंशांत तीन तास नुसते विणलेले आर्म वॉर्मर पुरत नाहीत, त्यांच्यातून वारा आरपार जातो. १२-१३ अंश असते तर मीही बंडीच म्हटलं असतं. माझं मत: बाह्यांचं विंडचीटर आणि आत पातळ आर्म वॉर्मर. त्वचेला नायलॉन लागत नाही, चिकटण्याचा प्रश्न मिटतो. ऊन वर आलं की विंडचीटर एकदाच काढायचं ते संध्याकाळपर्यंत. तोवर उजेड झालेला असतो, रिफ्लेक्टिव्हही त्याच थांब्यावर निघतं.

मात्र रिफ्लेक्टिव्ह घरून निघतानाच विंडचीटरवर घालून बघा. ते आखूड असेल तर मागचे खिसे दाबले जातात आणि केळं काढायलाही थांबावं लागतं.

दव_आणि_धुकं

रस्त्याबद्दल थोडं, कारण निवड त्यावरच ठरते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात उतरते. म्हणून नाशिक रस्त्यावर सगळ्यात जास्त गारठा माथ्यावर नसतो, नद्यांपाशी असतो: राजगुरुनगरची भीमा, नारायणगावची मीना, संगमनेरची प्रवरा. पुलाकडे उतरताना अर्ध्या-एक किलोमीटरमध्ये पारा दोन-तीन अंशांनी पडलेला सहज जाणवतो. चढून वर आलं की पुन्हा बरं वाटतं.

पहाटे ४ ला निघून बावीसच्या सरासरीने गेलात तर राजगुरुनगर सहाच्या सुमारास आणि नारायणगाव साडेसातच्या आसपास. सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आगेमागे असतं, जानेवारीत सूर्योदय सात वाजून गेल्यावर. म्हणजे तुमचा सगळ्यात गार टप्पा बरोबर या दोन गावांच्या मधला. ‘पुणं सोडलं, आता गरम होतंय’ म्हणून चाकणला विंडचीटर काढून खिशात टाकू नका. नुसती झिप उघडा, आणि पुलाचा उतार दिसला की उतार लागायच्या आधी लावा. गार पडल्यावर लावलेली झिप गारच हवा कोंडते.

अजून एक: कोरड्या हवेत घाम दिसत नाही, लगेच उडतो. तहानही लागत नाही. पण तासाला निदान ४००-५०० मिली पाणी पोटात जाऊ द्या, नाहीतर दुपारी संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटात त्रास होईल.

शिलाई_मशीन

छाती बरोबर आणि बाह्या ढगळ, हे सडपातळ माणसाचं नेहमीचं दुखणं. बाही आत घेता येते, पण शिंप्याला आधी नीट समजावून सांगा. या कापडात एकदा पडलेलं भोक बुजत नाही. एका बाजूने गरम रुळाखाली दाबून धाग्यांमधल्या फटी मिटवलेल्या असतात, त्यामुळे सुई गेली की तिथून वारा कायम येणार. टाचण्या लावायच्या नाहीत, कपड्याचे चिमटे किंवा पेपर क्लिप लावा. कच्ची शिलाई घालून उसवणं नाही. खूण खडूने, शिलाई एकदाच.

सुई ६० किंवा ७० नंबरची नवी, टोकदार. जीन्सची जाड सुई चालणार नाही. दोरा पॉलिएस्टर, कारण सुती दोरा पाणी ओढतो. टाका अडीच ते तीन मिमी. बारीक टाका घातला तर भोकांची रांग होऊन कापड तिथेच फाटतं. काखेपासून मनगटापर्यंत आतल्या शिलाईवरून घ्या, कफला हात लावू नका. दोन समांतर शिलाया, उरलेलं कापड ६ मिमी ठेवून कापा. इस्त्री फिरवायची नाही, पातळ नायलॉन आक्रसतं.

चाकं_दोन

सगळ्यांचे आभार. आज तीन बघितली.
अ) सायकलचं, ९५ ग्रॅम, साधं रिपस्टॉप, एम बरोबर बसतं, बाह्या जरा सैल, जोराने फुंकलं तर किंचित हवा जाते. एकही खिसा नाही.
ब) समोर मेम्ब्रेन, पाठीला ताणणारं कापड, २६० ग्रॅम, अंगाला चपखल.
क) पळण्याचं विंडचीटर, १३० ग्रॅम, मागे टोपी, सगळ्यांत स्वस्त.

घाटमाथा

अ. खिसा नसणं चांगलंच, जर्सीच्या खिशांवर दुसरे खिसे आले की दोन्ही निकामी.

ब वाईट नाही, ते ० ते ५ अंशांचं आहे. दुपारी ३० अंशांत २६० ग्रॅमचं बोचकं कुठे कोंबणार? क ची टोपी वाऱ्यात फुगून गळा मागे ओढते, आणि पळणारा माणूस ताठ असतो म्हणून पाठ आखूड शिवलेली असते. वाकलात की कंबर उघडी.

रंगात पर्याय असेल तर काळा सोडून काहीही.

चढ_उतार

मधेच विचारतो. जुलैत मनाली–लेहला अ सारखं चालेल का? तिकडेही कोरडीच थंडी.

बंडी_भली

चालेल, पण एकटं नाही. तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे आणि तिथून रुमत्से गावापर्यंत हजार मीटरचा उतार. पाय थांबलेले, वेग ५० चा. त्याला पातळ कापडाखाली ऊब धरणारा थर लागतो: सिंथेटिक भरलेलं २५०-३०० ग्रॅमचं जॅकेट, वर विंडचीटर, आणि बोटांना पूर्ण ग्लोव्ह. माथ्यावर पोचलात की फोटोच्या आधी अंगावर चढवा. शिवाय तिकडे बर्फाचा शिंतोडा पडू शकतो, त्यासाठी पावसाळी जॅकेट वेगळं.

चाकं_दोन

अ घेतलं. बाह्या शिंप्याकडे दिल्यात, सुई-दोरा स्वतः नेऊन दिला. जर्सीखाली सुती बनियन चालेल ना? आणि जॅकेट वेळेत आलं नाही तर?

घाटमाथा

सुती अजिबात नको, भिजली की वाळत नाही. पॉलिएस्टरची जाळीदार घ्या किंवा मेरिनो लोकरीची, अंगाला घट्ट.

वेळेत आलं नाही तर वर्तमानपत्र. एक पूर्ण पान चार घड्या करून जर्सी आणि बनियनच्या मध्ये छातीवर, गळ्यापासून पोटापर्यंत. जुने युरोपियन रेसर घाटाच्या माथ्यावर हेच घेऊन उतरायचे. नारायणगावपर्यंत घामाने मऊ पडेल, तिथे चहाच्या टपरीवर दुसरं मिळतं.

जॅकेट आल्यावर धुताना साधा सौम्य साबण, गार पाणी, सावलीत वाळवणं. कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका, त्याचा थर बसून कापडातून वाफ निघायची कमी होते.