‘नॉर्दर्न लाइट्स’ : कादंबरी आणि मालिका. विलला इतक्या लवकर आणायला हवे होते का?

पानखूण

फिलिप पुलमन यांची ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही १९९५ सालची कादंबरी मी पूर्वी दोनदा वाचली होती. तिच्यावर बेतलेले ‘हिज डार्क मटेरिअल्स’ मालिकेचे पहिले पर्व (२०१९, आठ भाग) मात्र आत्ता सलग पाहून संपवले. पुढे शेवटापर्यंतचे सारे उघड केले आहे, तेव्हा ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांनी येथेच थांबावे.

निर्मिती देखणी आहे, डॅफनी कीन यांची लायरा, म्हणजे कथेची नायिका, हट्टी आणि खोटे बोलण्यात तरबेज वाटते, त्यामुळे अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकले ते निराळेच. कादंबरीत आपण लायराच्या खांद्याला खांदा लावून चालतो, आणि तिचे जग आपल्यासारखेच पण वेगळे आहे. ती जॉर्डन कॉलेजातल्या कपाटात लपते, लॉर्ड ॲझ्रिएल पडद्यावर चित्रे दाखवतात, आणि उत्तरेकडच्या आकाशातील प्रकाशात एका शहराचे मनोरे अंधुक दिसतात. ते शहर कुठले, तिथे जाता येते का, हे प्रश्न जवळजवळ चारशे पाने तसेच टांगलेले राहतात आणि अगदी शेवटी आकाश फाटते तेव्हा लायराइतकेच आपणही थक्क होतो. मालिकेत दुसऱ्या भागातच लायराच्या जगातला लॉर्ड बोरिअल दोन जगांमधल्या एका फटीतून आत शिरतो आणि थेट आपल्या जगातल्या ऑक्सफर्डच्या रस्त्यावर येऊन उभा राहतो. पुढे विल पॅरीही याच पर्वात येतो, जो मुळात १९९७ च्या ‘द सटल नाइफ’ या दुसऱ्या कादंबरीतला आहे. दोन्ही मुलांना एकदमच पाहिल्यामुळे शेवटचे आश्चर्य हातचे गेले, असे मला वाटते. आपले मत काय?

दिवेलागण

आपल्या म्हणण्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण मालिकावाल्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. दुसरे पुस्तक उघडले की पहिल्या वाक्यातच एक अनोळखी मुलगा आपल्या आईचा हात ओढत असतो आणि लायराचा पत्ताही नसतो. वाचक हा धक्का पचवतो, कारण पुस्तक त्याच्या हातात असते आणि आणखी वीस पाने वाचायची की नाही हे त्याचे तोच ठरवतो. वर्षभराच्या खंडानंतर परतलेल्या प्रेक्षकासमोर नायिकेऐवजी भलताच मुलगा उभा केला, तर तो बुचकळ्यात पडेल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

माझा आक्षेप विलच्या येण्यापेक्षा आणखी एका आधीच फोडलेल्या रहस्यावर आहे. पुस्तकात ॲझ्रिएल आपले वडील आहेत हे लायराला होड्यांवर राहणाऱ्या जिप्शियन लोकांचा प्रमुख जॉन फा सांगतो, आणि तेही नीट बसवून, आईवडिलांची सारी हकीकत क्रमाने उलगडत. मालिकेत तेच सत्य मिसेस कोल्टर, म्हणजे लायराची आई, संतापाच्या भरात तिच्या तोंडावर फेकतात. नाट्य वाढले हे खरे, पण एका पोरक्या मुलीला कोणी तरी मायेने घरचा इतिहास सांगतो आहे, ही त्या प्रसंगातली ऊब गेली.

उलटतपासणी

मूळ प्रश्नातील एका गृहीतकाला मी हरकत घेतो. कादंबरी सदैव लायरासोबत चालते, हे तितकेसे खरे नाही. टोनी मकारिओस या गरीब मुलाला मिसेस कोल्टर गोड बोलून घेऊन जातात तो प्रसंग निवेदक आपल्याला सांगतो. लायरा तेव्हा तिथे नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कॉलेजचे प्रमुख आणि ग्रंथपाल यांच्यातले सुरुवातीचे बोलणे. लायराच्या हातून मोठा विश्वासघात घडणार आहे, आणि आपण काय करतो आहोत हे तिला कळता कामा नये, हे आपल्याला तेव्हाच कळते, तिला नाही. पळवून नेलेल्या रॉजर या मित्राला सोडवायला ती जिवावर उदार होऊन निघते तेव्हा ते वाक्य आपल्या मनात सलत असते. म्हणजे पात्रापेक्षा वाचकाला जास्त ठाऊक असणे हा मालिकेने लावलेला शोध नव्हे. पुलमन तेच करतात.

इतकेच नव्हे, तर कादंबरीच्या आरंभीच लेखकाची एक छोटी टीप आहे. पहिला खंड आपल्यासारख्याच पण अनेक बाबतींत वेगळ्या विश्वात घडतो आणि दुसरा आपल्या परिचयाच्या विश्वात, असे तिथे सरळ लिहिले आहे. बहुतेक लोक अशा टिपा न वाचताच पान उलटतात, मीही पहिल्या वाचनात तेच केले होते.

तरीही आपल्याला जे खटकले ते चूक आहे असे मी म्हणणार नाही. पुस्तक आपल्या कानात एक अशुभ सांगून ठेवते, पण ते कुणाच्या वाट्याला आणि कसे येईल याचे चित्र काढत नाही, त्यामुळे पुढचे प्रत्येक पान त्या सावलीत वाचले जाते. बोरिअलच्या येरझाऱ्यांमधून आपल्याला माहिती मिळते, पण धास्ती वाटत नाही. आपल्या रोजच्या जगातला रस्ता दिसला की उत्तरेच्या बर्फातून मन बाहेर येते, आणि परत आत जायला दर वेळी थोडा वेळ लागतो. दोष विलचा नाही, दोष या वारंवार बाहेर येण्याचा आहे.

मितभाषी

विलबद्दल बरेच लिहून झाले. मला बोलायचे आहे ते सुक्या माशाबद्दल.

या जगात माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या शेजारी वावरतो, त्याला डीमन म्हणतात. पुस्तकात लायरा आयोरेक या अस्वलाच्या पाठीवर बसून एका ओसाड वस्तीत जाते, तेव्हा मासे वाळवण्याच्या खोपटात तिला टोनी सापडतो. त्याचा डीमन त्याच्यापासून कापून वेगळा केलेला असतो, आणि लायराने भीतीने पॅनला, म्हणजे आपल्या डीमनला, जसे छातीशी घट्ट धरले आहे, तसाच त्याने एक सुका मासा धरलेला असतो. तो दगावतो, आणि कोणी तरी तो मासा कुत्र्यांना टाकून मोकळा होतो. लायरा भयंकर चिडते. मग ती एक सोन्याचे नाणे मागून घेते, त्याच्यावर सुरीने त्याच्या डीमनचे नाव कोरते आणि ते मृत मुलाच्या तोंडात ठेवते, कारण जॉर्डन कॉलेजच्या तळघरात पुरलेल्या विद्वानांना तसाच मान दिलेला तिने पाहिलेला असतो. ती नाणी खोडसाळपणे अदलाबदल करणारी हीच मुलगी.

मालिकेत टोनीच्या जागी बिली कोस्टा आहे. पहिल्या भागापासून आपण त्याला आणि त्याच्या आईला ओळखतो, आई त्याला निरोप देते ते पाहवत नाही. ही भर चांगली आहे. पण मासा नाही. आणि मासा नसला की डीमन तोडणे म्हणजे काय हे कळतच नाही, फक्त एक आजारी मुलगा दिसतो. त्यातच मालिकेतील गर्दीत कित्येक माणसांच्या शेजारी प्राणी दिसतच नाहीत. प्रत्येक प्राणी संगणकावर घडवणे महाग पडते, हे मान्य. पण जिथे डीमन नसणेच नेहमीचे होऊन बसते, तिथे एका मुलाचा डीमन नाही हे पाहून अंगावर काटा कसा येणार? वाळलेला मासा तर संगणकावर घडवावाही लागत नाही.

पानखूण

सर्वांचे आभार. ती टीप माझ्या प्रतीत आहे, आत्ताच पाहिली. दोन्ही वाचनांत मी ती ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर गेले होते. कॉलेजप्रमुखांच्या बोलण्याचा मुद्दाही मला मान्य आहे, त्यामुळे ‘लायराइतकेच आपणही थक्क होतो’ हे माझे वाक्य मागे घेते.

एक गोष्ट मात्र मालिकेच्या बाजूने सांगायला हवी. २००७ च्या चित्रपटाने शेवटची प्रकरणे गाळून कथा आधीच संपवली होती, आणि रॉजरचे काय होते (आकाश फाडण्यासाठी ॲझ्रिएल त्याचा बळी देतात) हे त्यात दिसलेच नाही. मालिकेने ते टाळले नाही. शेवटच्या भागात ॲझ्रिएल दारात आलेल्या लायराला पाहून हादरतात, आणि तिच्या मागे उभा असलेला रॉजर दिसताच त्यांचा जीव भांड्यात पडतो. तेवढ्या एका क्षणात कॉलेजप्रमुखांचे भाकीत खरे झाल्याचे मला कळले, आणि त्या वेळी विल माझ्या डोक्यात कुठेही नव्हता.

माशाचे प्रकरण आज रात्री पुन्हा वाचते आहे.