हेड टू हेड लीगचा साप्ताहिक निकाल संघाची खरी कामगिरी दाखवतो का?

धागाकर्ता

आमच्या दहा जणांच्या फँटसी प्रीमियर लीगचे (इंग्लिश प्रीमियर लीगमधील खऱ्या फुटबॉलपटूंचा संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ) बारा गेमवीक, म्हणजे सामन्यांच्या बारा साप्ताहिक फेऱ्या, झाले. यंदा आम्ही एकूण गुणांची क्लासिक पद्धत सोडून हेड टू हेड स्वीकारली. म्हणजे दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी सामना, विजयाला ३ गुण, बरोबरीला १ आणि पराभवाला शून्य. गेल्या आठवड्यात माझ्या संघाने ७८ गुण मिळवले, जे दहा जणांत दुसऱ्या क्रमांकाचे होते. पण गाठ नेमकी ८१ गुण मिळवणाऱ्याशी पडली आणि तक्त्यात माझ्या नावापुढे शून्य आले. त्याच आठवड्यात ४१ गुणांचा एक संघ ३८ गुणांच्या संघाला हरवून ३ गुण घेऊन गेला.

माझ्या एका बचावपटूला प्रशिक्षकाने ५८व्या मिनिटाला बाहेर काढले. तोवर त्याच्या संघावर एकही गोल झाला नव्हता, परंतु क्लीन शीटच्या (संघावर गोल न होण्याच्या) ४ गुणांसाठी किमान ६० मिनिटे मैदानावर असावे लागते. आणखी दोन मिनिटे तो खेळला असता तर १ ऐवजी ६ गुण (खेळलेल्या वेळेचे २ आणि क्लीन शीटचे ४) मिळून मी ८३वर पोहोचलो असतो. क्लासिक पद्धतीत या दोन मिनिटांची किंमत ५ गुण असती. येथे अख्खा सामना गेला. एकूण गुणांमध्ये आज मी दुसरा आहे आणि तक्त्यात सातवा. पुढील हंगामात क्लासिककडे परतावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांशी असहमत. ५८व्या मिनिटाचे दुःख मी समजू शकतो, पण तो नियमाचा भाग आहे आणि तो कोणत्याही पद्धतीत बोचतोच. क्लासिक लीगचा खरा रोग आपण विसरलात. आमच्याकडे जानेवारीपर्यंत पहिला आणि शेवटचा यांच्यात इतके अंतर पडले होते की चौघांनी संघाकडे पाहणेच सोडले. एकाचा कर्णधार (ज्याचे गुण दुप्पट मोजले जातात तो खेळाडू) दुखापतीमुळे महिनाभर बाहेर होता, तरीही त्याने तो बदलला नाही. उपकर्णधाराचे गुण आपोआप दुप्पट होत राहिले आणि मालकाला त्याचा पत्ताही नव्हता! हेड टू हेडमध्ये तळाच्या संघालाही शनिवारी सकाळी लढण्याचे कारण उरते.

प्रतिसाद २

लढण्याचे कारण उरते हे खरे, पण सर्वांना सारखी लढाई मिळते का? दहा जणांत प्रत्येकाला नऊ प्रतिस्पर्धी असतात आणि गेमवीक ३८ असतात. चार पूर्ण फेऱ्यांचे ३६ सामने झाले की दोन उरतात, म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांशी पाचव्यांदा खेळावे लागते. त्या दोन सामन्यांत एखाद्याच्या वाट्याला सोडून दिलेला संघ आला, तर त्याला ६ गुण जवळपास फुकट मिळतात. तक्त्यातील गुण समान झाल्यास खेळाडूंनी मिळवलेले एकूण गुण पाहिले जातात, पण तोवर बहुतेक नुकसान होऊन गेलेले असते.

प्रतिसाद ३

सगळी चर्चा नशिबाभोवतीच फिरते आहे. हेड टू हेडचे कौशल्य वेगळे आहे. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने २९ गोल आणि १८ असिस्टसह (सहकाऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) ३४४ गुण मिळवले, जो या खेळातील एका हंगामाचा विक्रम आहे. असा खेळाडू दोघांकडेही कर्णधार असेल तर त्याचे गुण एकमेकांत वजा होतात आणि सामना उरलेल्या चार-पाच वेगळ्या खेळाडूंवर ठरतो. आपला संघ वरचढ वाटत असेल तर प्रतिस्पर्ध्याचा संभाव्य कर्णधारच आपणही ठेवावा. दुबळा वाटत असेल तर वेगळा निवडून धोका पत्करावा. गेमवीकमधील पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी मुदत संपते आणि तोवर समोरच्याची निवड दिसत नाही, त्यामुळे त्याच्या मागील आठवड्यांच्या सवयी वाचाव्या लागतात. क्लासिकमध्ये ही चाल जवळजवळ नसते. धागाकर्त्यांनी ४ गुण कापून घेऊन जादा बदली (मोफत बदलीपलीकडे संघातील खेळाडू बदलणे) केली होती का, हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही.

धागाकर्ता

केली होती, आणि ७८ हे ते ४ गुण वजा जाऊनच झालेले आहेत. बदली केली नसती तर बाकावरच्या मिडफिल्डरचे ५ गुण मोजले गेले असते, नव्या खेळाडूने दिले फक्त २. म्हणजे ७ गुणांचा फटका मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला आणि ८५ गुणांनी जिंकलो असतो, हे मान्य करतो. प्रशिक्षकावर ठेवलेला ठपका काहीसा मागे घेतो.

तरीही ७८ला शून्य आणि ४१ला ३ गुण ही मांडणी मला पटत नाही. चौघे खेळ सोडून देण्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, म्हणून क्लासिकचा आग्रह सोडतो. प्रतिसाद २ मधील हिशेबावरून एक सुचते. लीग तयार करताना सुरुवातीचा गेमवीक निवडता येतो. पुढील हंगामात आपण तिसऱ्या गेमवीकपासून सुरुवात केली तर बरोबर ३६ सामने होतील, प्रत्येकाशी चार. पहिले दोन आठवडे संघ जमवण्यासाठी मोकळे राहतील. कोणाची हरकत असेल तर येथेच कळवावी.

प्रतिसाद १

माझी हरकत नाही. सोडून दिलेल्या संघाचे काय करायचे, तेवढे बाकी आहे.