न्यूयॉर्कचा बार (वकिलीच्या सनदेची परीक्षा) झालाय, आता कॅलिफोर्नियाचा द्यायचाय. कोणती परीक्षा, कसा अभ्यास?

पारिजातक
नमस्कार मंडळी. २०१८ पासून न्यूयॉर्कचं लायसन्स आहे, राहते न्यू जर्सीत एडिसनला, नोकरी मॅनहॅटनमध्ये. नवऱ्याची बदली कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला झाली आहे. कॅलिफोर्निया नुसत्या अनुभवावर कुणाला आत घेत नाही, म्हणजे परीक्षा आलीच. दोन वाटा आहेत. चार वर्षं झालेल्या वकिलांसाठी एक दिवसाची ॲटर्नी परीक्षा : एकेक तासाचे पाच निबंध आणि दीड तासाची परफॉर्मन्स टेस्ट (दिलेली फाइल वाचून मेमोसारखं काही लिहायचं). नाहीतर सगळे देतात ती दोन दिवसांची : हेच सगळं, आणि शिवाय एमबीई या अनेक राज्यांत चालणाऱ्या परीक्षेचे २०० बहुपर्यायी प्रश्न. लेक चार वर्षांची आहे, त्यामुळे पहाटे साडेचार ते साडेसहा एवढाच वेळ माझा. अभ्यासाचं बजेट ५०० डॉलर, त्यावर खरंच जमणार नाही. काय करू?

जर्सीकर
ॲटर्नीच दे, एका दिवसात मोकळी होशील. आणि बारब्री या खासगी क्लासचा पूर्ण कोर्स घे. मी घेतला, पहिल्या फटक्यात पास झालो, तेही धाकट्याच्या जन्मानंतर दोन महिन्यांत. रोज काय वाचायचं ते ते सांगतात, आपण डोकं चालवायचं नाही.

मृद्गंध
ॲटर्नीला अनुमोदन. पण कोर्स थेमिसचा घे. व्याख्यानं छोटी असतात, मी गाडीत ऐकायचे.

पारिजातक
दोन्ही माझ्या बजेटच्या कितीतरी वर आहेत हो.

जर्सीकर
एक महिन्याच्या पगारात निघून जातील. सनदेवर काटकसर करू नये.

सनदी_नाना
मला हे मुळातच पटत नाही. आमच्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोव्याची सनद घेतली की देशभर उभं राहता येतं. कायमचं बंगळुरूला जायचं तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम १८ खाली रोल (वकिलांची नोंदवही) बदलून घ्यायचा, परीक्षा नाही. एवढी वर्षं वकिली केलेल्या बाईला पुन्हा बाकावर का बसवायचं?

खाडीकाठ
नाना, इथे प्रत्येक राज्याची न्यायालयं आपापली सनद देतात. एकच देशव्यापी कायदा नाही.
पारिजातक, अभ्यासाआधी दोन गोष्टी बघ. एक, तुझा एमपीआरईचा (वकिली नीतिनियमांची वेगळी परीक्षा) स्कोअर. न्यूयॉर्कला ८५ चालतात, कॅलिफोर्नियाला ८६ लागतात. माझे बरोब्बर ८५ होते. त्या एका गुणासाठी मी ती परीक्षा पुन्हा दिली. दोन, मॉरल कॅरेक्टरचा (चारित्र्य पडताळणीचा) अर्ज आजच सुरू कर. बोटांचे ठसे, जुने पत्ते, जुन्या नोकऱ्या. त्यात महिनेच्या महिने जातात आणि निकाल लागला तरी हे अडलं की शपथ अडते. आणि हो, इन-हाउस, म्हणजे कंपनीचीच पगारी वकील असशील तर परीक्षेशिवाय नोंदणीची सोय आहे, ते आधी तपास.

पारिजातक
इन-हाउस नाही, फर्ममध्ये आहे. एमपीआरई बघते.

मडगांवकर
कम्युनिटी प्रॉपर्टी (नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता) हा विषय कसा करणार? न्यूयॉर्कवाल्यांना तो विषय परका. आम्हां गोंयकारांना नाही. १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून आमच्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांचं निम्मं-निम्मं, वारसाने आलेलंसुद्धा.

खाडीकाठ
हे शेवटचं वाक्य कॅलिफोर्नियाच्या पेपरात लिहू नका, गुण जातील! इथे लग्नानंतरची कमाई सामाईक. लग्नाआधीचं, भेट मिळालेलं आणि वारसाने आलेलं ज्याचं त्याचं. पारिजातक, तुझंच घर उदाहरण म्हणून घे. लग्नानंतर जर्सीत असताना नवऱ्याच्या पगारातून निवृत्तीची जी शिल्लक साठली ती तुम्ही इथे घेऊन आलात असं धर. उद्या घटस्फोट झाला (न होवो), तर ती क्वासी-कम्युनिटी (दुसऱ्या राज्यात कमावलेली, तरी सामाईकसारखीच) धरून निम्मी होते. हे एकदा कागदावर मांड, विसरणार नाहीस.

मडगांवकर
मान्य. पण सामाईक हा मूळ विचार आमच्याकडे जुना, एवढंच म्हणायचं होतं.

शब्दवेध
मी ॲटर्नी परीक्षेत एकदा नापास झालेय, म्हणून लिहिते. एक दिवस म्हणजे सोपं असं अजिबात नाही. पाच निबंध प्रत्येकी १००, परफॉर्मन्स टेस्ट २००. माझी ती टेस्ट बिघडली. फाइल वाचण्यातच पन्नास मिनिटं गेली, मेमो अर्धा राहिला. सावरायला दुसरं काहीच नव्हतं. दुसऱ्या वेळी दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण टेस्ट लिहिली, तेव्हा जमलं. जुने पेपर आणि निवडक उत्तरं स्टेट बारच्या (कॅलिफोर्नियाची वकिलांची संस्था) संकेतस्थळावर फुकट आहेत, पण ती उत्तरं फारच उत्तम असतात, ती वाचून मी खचले. बारएसेज या संकेतस्थळावर खऱ्या परीक्षार्थींची तपासलेली उत्तरं मिळतात. ५५ गुणांचं आणि ६५ गुणांचं उत्तर शेजारी ठेवून वाच, फरक तिथे कळतो. प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी (वकिली नीतिनियम) जवळजवळ दर वेळी येते, ती सोडू नकोस. बाकी, ॲटर्नीच दे.

मृद्गंध
जुने पेपर फुकट आहेत स्टेट बारच्या साइटवर. आणि कोर्स थेमिसचा.

पारिजातक
सगळ्यांचे मनापासून आभार. जुना एमपीआरईचा निकाल शोधून काढला : ९१. जीव भांड्यात पडला. मॉरल कॅरेक्टरचा अर्ज काल रात्री उघडला, पुण्यातल्या वसतिगृहाच्या पत्त्यापर्यंत पोचलेय.
आणि मी दोन दिवसांचीच देणार आहे. न्यूयॉर्कला मला एमबीईने तारलं होतं, लिहिताना माझा वेळ नेहमी कमी पडतो. कॅलिफोर्नियाच्या दोन दिवसांच्या परीक्षेत एमबीईला निम्मं वजन आहे. शब्दवेध यांचं वाचून ठरलंच, सगळं लिखाणावर टाकायचं नाही. कोर्स घेत नाही. एक एमबीईचा प्रश्नसंच, बारएसेज, आणि रविवारी परफॉर्मन्स टेस्ट. त्या वेळी नवरा लेकीला घेऊन बागेत जाईल.

जर्सीकर
इतक्या वर्षांत एमबीईचं सगळं विसरली असशील. चूक करतेयस.

शब्दवेध
पहिली टेस्ट लिहिलीस की मला विपू (निरोप) कर, मी वाचून देते.