धामणींची झुंज आणि मूक कावळे : जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार. गेल्या रविवारी सकाळी गोरेगावच्या आरे वसाहतीत दोन धामणी एकमेकींना पीळ घालून, डोकी हातभर उंच उचलून, प्रतिस्पर्ध्याला खाली दाबू पाहत होत्या. जमलेल्या काहींनी 'नाग-नागिणीचे मीलन' समजून हात जोडले. वास्तविक ही दोन नरांमधील झुंज असते आणि नाग तर तिथे नव्हताच.

माझी शंका मात्र प्रेक्षक पक्ष्यांविषयी आहे. करवंदीच्या जाळीतल्या सातभाईंनी पंख पाडून, शेपट्या पसरून जो कलकलाट मांडला, तो समजण्यासारखा आहे, कारण धामण उंदरांबरोबर पक्ष्यांची अंडी आणि पिल्लेही खाते. परंतु एरवी साप दिसताच गिल्ला करणारे गावकावळे तारेवर माना तिरक्या करून, एकही आवाज न काढता बसून होते. आपसांत गुंतलेला साप घरट्याला धोकादायक नाही हे त्यांना उमगते, की थकलेल्या सापावर त्यांचा डोळा असतो?

मुंबई परिसरात असे कोणी पाहिले असल्यास पक्ष्यांची जात, महिना आणि झुंजीनंतरचे त्यांचे वर्तन कृपया कळवावे. धामणींच्या सुरक्षिततेसाठी नेमकी जागा मात्र कोणीही जाहीर लिहू नये, ही विनंती.